कोंडाजीच्या कमरेतला वाघ

“आता जे सांगतो ते तुमच्यातल्या एकालाबी पटायचं न्हाई,” असं म्हणत कोंडाजीनं पानाची चंची उलगडली आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली. “पटू नगा. पन कान द्या.”

दिवेलागण झाली होती. उद्धवरावांच्या तेलघाण्यासमोरच्या ओट्यावर पेंडीचा वास दाटला होता. घाण्याचा बैल सोडून खुंट्याला बांधला होता आणि महाळुंग्यातली बरीच गडीमाणसं मांड्या घालून बसली होती. ओट्याच्या कडेला एका बाद झालेल्या घाण्याचं जुनं लाकूड आडवं पडलेलं होतं. ती कोंडाजीची जागा. त्याच्या बसण्यानं ते लाकूड देवाच्या पायरीसारखं गुळगुळीत झालं होतं.

ओट्यावरच्या थापांना कायदा होता आणि तो कोंडाजीनंच घातला होता. चंची मध्ये ठेवली की सांगणाऱ्यानं सांगत राहायचं. ज्याला अगदीच सोसवेना त्यानं ओट्यावर थाप मारून ‘धरली!’ म्हणायचं. धरलेलं खोटं निघालं तर सांगणाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्याला विडा करून द्यायचा. मात्र धरलेलं खरं निघालं, तर धरणाऱ्यानं आपली जागा सोडून शेवटाला, बैलाच्या खुंट्यापाशी जाऊन बसायचं. कोंडाजीचं सगळं खोटंच असायचं, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की लोक ते किती वेळ सोसतात. ‘धरली’ जितकी उशिरा, तितका सांगणारा मोठा. ह्या हिशेबानं पंचक्रोशीत कोंडाजीएवढा मोठा माणूस नव्हता.

“तर माझ्या बापाची एक म्हस व्हती,” कोंडाजी म्हणाला. “काळी. पन किती काळी? भर दुपारी ती गोठ्यात शिरली की आईला कंदील लावाया लागायचा. एक दिस काय झालं...”

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. सगळ्यांच्या माना वळल्या.

“या, सोपानराव!” गेनू सरकून म्हणाला. हा गेनू गावातला सगळ्यात चौकस माणूस. कुणाच्या घरी काय शिजलं हे त्याला फोडणीआधी कळायचं.

म्हैस गोठ्यातच राहिली. कालपरवापर्यंत सोप्या असलेला हा ठकुबाईचा पोरगा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यावर फिटरच्या हाताखाली लागला, खाकी कपडे घालायला लागला आणि एकाएकी ‘राव’ झाला. कोंडाजीला लोक नाना म्हणत. पण नाना व्हायला त्याचे केस पिकावे लागले होते.

“काय नवीन, सोपानराव?” उद्धवरावांनी विचारलं.

सोपान कपाळ पुसत बसला. “नवीन म्हंजे... भाकरीला बुरशी येती न्हवं? ती तिथं मुद्दाम वाढवत्यात. देवळाच्या कळसाएवढ्या टाक्या हायेत लोखंडाच्या. त्यात तिला साखर घालत्यात, वारा घालत्यात, लेकरागत ऊन-थंडी सांभाळत्यात. आन तिचं औषध करत्यात. सुईनं टोचलं की मरायला टेकलेलं मानूस उठून बसतंय.”

ओटा गप्प झाला. कोंडाजीच्या कानशिलात रक्त चढलं. असली शांतता त्याच्या म्हशीला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. त्यानं दाणकन हात आपटला.

“धरली! शिळ्या भाकरीवर मानूस जगतंय म्हनं! मंग आमच्या भागीच्या टोपलीत अमृतच हाय की रे!”

लोक हसले. पण सोपान हसला नाही. त्यानं शाळेच्या मारुतराव मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला.

“खरं आहे ते, नाना,” मास्तर म्हणाले. “वर्तमानपत्रात आलंय. बुरशीचंच औषध आहे.”

मग जो हशा झाला तो बैलानंही मान वर करून ऐकला.

“कायदा तुमीच घातलाय, नाना,” उद्धवराव हळू आवाजात म्हणाले.

कोंडाजी उठला. चंची उचलायचीही त्याला आठवण राहिली नाही. खुंट्यापाशी शेण सरकवून तो बसला. सोपान ओशाळून म्हणाला, “बसा की नाना तुमच्या जाग्यावर. मला काय त्याचं?” आणि गेनूनं दंडाला धरून त्यालाच त्या लाकडावर बसवलं. सोपानचा अदबीनं काढलेला तो शब्द कोंडाजीला सगळ्या हशापेक्षा जास्त झोंबला.

त्या दिवसापासून कोंडाजीची झोप गेली. कोंबड्याच्या आधी तो टक्क जागा व्हायचा आणि छाती अशी धडधडायची की शेजारी कुणी मिरच्या कांडतंय असं वाटावं. तोंडाला कोरड. पोटात आंबट. जेवायला बसला की दोन घासांत ताट सारायचा. धोतराची निरी पूर्वी बोटभर असायची ती मूठभर झाली. सुपारी कातरायला अडकित्ता हातात घेतला की हात थरथरायचा आणि खांडं अंगणभर उडायची. घाण्याकडे जाणं त्यानं सोडलंच. पण सांज झाली की तो परसात उभा राहून कान लावायचा आणि तिकडून हसू आलं की हातात असेल ते आदळायचा. एकदा हातात कोंबडी होती.

त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, दृष्ट काढली. अंगारा लावला. चाकणच्या बाजारातून कुणी सांगितलेलं मुळीचं चाटण आणलं. शेवटी तिनं गाडी जुंपवली आणि नवऱ्याला तळेगावला डॉक्टर गुर्जरांकडे नेलं.

गुर्जर म्हणजे गळ्यात नळी अडकवणारे डॉक्टर, पण कपाटात काढ्यांच्या बाटल्याही ठेवायचे. त्यांनी नाडी पाहिली, छाती ऐकली, पोट दाबलं, पापण्या ओढल्या. मग खुर्ची पुढे घेऊन विचारलं, “बोकडाचे गुर्दे पाहिलेत कधी?”

“खाल्ल्यात,” कोंडाजी म्हणाला.

“तसे तुमच्याही कमरेत दोन आहेत. त्या प्रत्येकावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. समोर वाघ आला, की ती रक्तात रस सोडते. छाती धडधडते, तोंड सुकतं, हातपाय शिवशिवतात. का? तर पळता यावं म्हणून. वाघासमोर कुणी जेवत नाही, झोपत नाही. म्हणून हे रस भूकही मारतात आणि झोपही उडवतात. वाघ गेला की टोप्या गप्प. तुमच्या टोप्या काही गप्प बसेनात.”

कोंडाजीनं नकळत दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“म्हणजे तुमचा वाघ जातच नाही,” डॉक्टर म्हणाले. “कोण आहे तो?”

“वाघबिघ न्हाई कुनी.”

“ठकीचा सोपान,” भागूबाई पदराआडून म्हणाली.

“तू गप!”

“सोपान हाय, डॉक्टरसाहेब. ह्यांच्या लाकडावर बसतोय तो.”

डॉक्टरांना सगळं ऐकून घ्यायला वेळ लागला, पण ते हसले नाहीत. त्यांनी बाटली दिलीच नाही, तेव्हा भागूबाई जरा हिरमुसली. बाटलीनं हे उतरायचं नाही, असं ते म्हणाले. रोज उजाडताच ओढ्यापर्यंत चालत जायचं आणि सावकाश, मोजल्यासारखा श्वास घेत परत यायचं. जेवण ठरल्या वेळी आणि गरम. तंबाखू निम्मी. निजताना तळपायांना काशाच्या वाटीनं तेल घासून घ्यायचं.

“आणि संध्याकाळी त्या ओट्यावर जाऊन बसायचं.”

“त्याच्या म्होरं?”

“त्याच्याच समोर. वाघापासून पळालात तर तो जन्मभर पाठीशी. समोर बसून रोज पाहिलात की अंगाला हळूहळू कळतं, की हा काही खात नाही.”

 परतीच्या वाटेवर इंदोरीच्या पुढे आल्यावर कोंडाजी म्हणाला, “टोप्या! डॉक्टर व्हऊन काय थाप मारतोय बघ. पन लई झाक मारली.” त्याच्या आवाजात असूया होती.

तेल आणायला भागूबाईनं त्याला मुद्दाम उद्धवरावांकडेच धाडलं. त्या सांजेपासून कोंडाजी पुन्हा ओट्यावर बसू लागला, खुंट्यापाशी. चंची त्याला उद्धवरावांनी जपून ठेवलेली परत दिली, पण ती तो उघडत नसे. नुसतं ऐके. आणि आयुष्यभर थापा मारलेल्या माणसानं नुसतं ऐकायला बसावं, म्हणजे सोनारानं दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसावं तसं होतं.

खरं बोलणारा माणूस अडखळतो, हे त्याला ठाऊक होतं. बुरशीची गोष्ट सांगताना सोपान सुरुवातीलाच अडखळला होता. टाकीला वारा कुठून घालतात हे त्यानं सांगितलंच नव्हतं. खऱ्याला अशी भोकं असतात. आता मात्र सोपानच्या गोष्टी कशा गुळगुळीत चालल्या होत्या. मोठा साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मशीन बंद पडतं तेव्हा साहेब म्हणतो, सोपानला बोलवा. सोपान एक पाना फिरवतो आणि मशीन चालू. गोष्टीला कुठं भोक नाही, कुठं शिवण नाही. लोक तोंड उघडं टाकून ऐकत. मास्तरसुद्धा.

कोंडाजीला वाटे, ह्यात कायतरी हाय. पण एकदा हात पोळला होता. दुसऱ्यांदा खरं धरलं तर खुंट्याच्या पलीकडे बसायला फक्त उकिरडा उरला होता.

मग एका सकाळी डॉक्टरांच्या हुकमानं तो ओढ्यावर गेला, तर पलीकडच्या काठावर बाभळीखाली सायकल आडवी पडलेली. तिच्याशेजारी खाकी कपड्यांत सोपान बसला होता. गुडघ्यांवर हनुवटी. समोर जेवणाचा डबा.

कोंडाजीला वाटलं, चाक पंक्चर झालं असेल. दुसऱ्या दिवशीही सोपान तिथंच होता. तिसऱ्या दिवशी कोंडाजी करवंदीच्या जाळीआड बसून राहिला. ऊन चढलं. पिंपरीची शिफ्ट कधीच सुरू झाली असेल. सोपान उठला नाही. मधूनच ओंजळीनं पाणी प्यायचा, पुन्हा पहिल्यासारखा बसायचा. दुपारी त्यानं डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि उरलेली भाकरी चुरून ओढ्यातल्या माशांना टाकली. सावल्या लांबल्या तेव्हा तो उठला. सायकल उलटी केली. साखळीचं काळं वंगण बोटांवर घेतलं आणि आपल्या मनगटांना, सदऱ्याच्या बाहीला, थोडं कपाळाला, असं हळूहळू, नवरीला हळद लावावी तसं लावलं. मग घरी निघाला.

जाळीआड कोंडाजी पोट धरून हसला. आवाज बाहेर पडू नये म्हणून त्यानं पागोट्याचा शेव तोंडात कोंबला. कारखाना उभा करायचं काम संपलं असणार आणि मुकादमानं उभारणीची माणसं घरी धाडली असणार. आणि हा गडी अजून साहेबाच्या हाताखाली पाने फिरवतोय! देवानं थाप कशी, सोललेल्या केळ्यासारखी हातात आणून दिली होती.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. भागूबाई पायाला वाटी घासत असतानाच घोरू लागला. तिला वाटलं, डॉक्टरचा गुण आला.

दुसऱ्या सांजेला कोंडाजी ओट्यावर सगळ्यात आधी हजर. धोतर धुतलेलं. उजवा तळहात मांडीवर तयार. जुन्या लाकडाकडे तो असा बघत होता, जसा माणूस माहेराहून परत येणाऱ्या बायकोच्या वाटेकडे बघतो. सोपान आला, लाकडावर बसला, गेनूनं दिलेला अडकित्ता घेऊन सुपारी कातरू लागला. मनगटावर वंगण होतं. कोंडाजीनं ठरवलं, साहेबानं खांद्यावर हात ठेवला की धरायची.

पण गेनू मध्येच बोलला. “सोपानराव, माझा साडू लागलाय बरं का तुमच्या कारखान्यात. कालपासनं. आज चाकणात गाठ पडली.”

“अस्सं?” सोपान म्हणाला.

“मी म्हनलं, आमचे सोपानराव हायेत तिथं, वळख कर. तर म्हनतो, फिटरच्या खात्यात सोपान म्हनून कुनी न्हाईच. म्हनतो, उभारनीची टोळी तर...”

अडकित्त्यातली सुपारी फुटली आणि खांडं ओट्यावर उडाली. सोपान ती वेचायला वाकला. त्याचा हात असा थरथरत होता, की एकेक खांड दोनदा हातातून सुटलं. कोंडाजीनं तो हात पाहिला. तो हात त्यानं आपल्याच अंगणात, आपल्याच मांडीवर पाहिलेला होता. सोपानचा गळा कोरडा पडलेला त्याला इथून कळत होता. सदऱ्याचे खांदेही आता सैल पडले होते. आणि हा कोंबड्याच्या आधी उठतो, तो काही सायकल हाणायची म्हणून नव्हे.

गेनूचा हात मांडीवरून उचलला गेला. तळवा उघडला.

कोंडाजीला राहवलं नाही. ती दया होती म्हणावं, तर कोंडाजीला ओळखणारे लोक अजून आहेत. खरं तर त्याच्या मनात आलं ते एवढंच, की ह्याची थाप मी धरायची, उपाशीपोटी जाळीत बसून मी राखलेली, आणि हा कालचा गेनू, ज्याला स्वतःच्या वयाचीसुद्धा धड थाप मारता येत नाही, हा ती धरणार?

“ए गेनू, हात खाली घे!” तो गरजला. उठला, सगळ्यांच्या मांड्यांतून वाट काढत मध्ये आला आणि कित्येक दिवसांत न उघडलेली चंची सोडून त्यानं ओट्यावर पसरली. “चंची माझी पडलीया. आता मी सांगनार. आन हे तुमच्यातल्या एकालाबी पटायचं न्हाई.”

“नाना, माझं ऱ्हायलंय इचारायचं...” गेनू म्हणाला.

“तुझा साडू दारातनं आत गेलाय का अजून? मी गेलोय. पार आतल्या खोलीत.” कोंडाजीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. “मला तळेगावच्या डॉक्टरनं धाडलं. म्हनला, नाना, तुमच्या गुर्द्यांवर दोन टोप्या हायेत. प्रत्येक मानसाच्या असत्यात. समोर वाघ आला की त्या टोप्यांतनं रस सुटतो. तुमच्या टोप्यांना गळती लागलीया. वाघ हाय कमरेत बसलेला, तो जाईना. मंग टोप्या धुवायला पिंपरीला जा.”

ओट्यावर खसखस पिकली. मास्तरांनी चष्मा काढला. बुरशीच्या वेळचा हशा त्यांना आठवला असावा. ते काचा पुसत बसले.

“आत लई मोठी टाकी. कळसाएवढी. भोवतीनं मानसं बसल्यात रांगेनं, समद्यांच्या हातात आपापल्या टोप्या. सावकार हाय, फौजदार हाय. फौजदाराच्या टोपीत वाघ न्हाई, त्याची बायको बसली व्हती.”

उद्धवराव डोळ्यांतलं पाणी पुसू लागले. गेनूसुद्धा हसला आणि त्याचा उघडलेला तळवा आपोआप मिटला. कोंडाजीनं ते पाहिलं. अंगात जुनी ऊब चढत होती. एवढा वेळ कुणी सोसत नसतं, आणि अजून कुणी धरली नव्हती.

“आन टाकीपाशी कोन उभा? तर आपला सोपान! साहेब त्याला म्हनतो, सोपान, तुझ्याशिवाय ह्या टोप्या कुनाला धुता येत न्हाईत. म्या बघितलं, तर समद्यांत मोठी गळती ह्याच्याच टोपीला. म्हनलं, अरे पोरा, तू लोकांच्या धुतोस, तुझी कोन धुनार? तुझा वाघ तर माझ्या वाघाचा बाप दिसतोय. तर मला म्हनतो, नाना, हळू बोला, ओट्यावर कुनाला सांगू नगा.”

हशा टिपेला पोचला. फक्त लाकडावर बसलेला सोपान हसत नव्हता. सुपारीची खांडं मुठीत घट्ट धरून तो कोंडाजीकडे बघत होता. कोंडाजीही आता त्याच्याचकडे बघत होता.

“कधी गेला व्हता, नाना?” कुणीतरी हसता हसता विचारलं.

“कधी म्हंजे? आजच की. सकाळी, ऊन चढायच्या येळंला. ह्या डोळ्यांनी सोपानला टाकीपाशी उभा बघितला.”

ओट्यावर तळवा पडला. जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. वंगणाची काळी बोटं दगडावर उमटली.

“धरली,” सोपान म्हणाला. “आज सकाळी मी पिंपरीत न्हवतो, नाना.”